मानपत्र परत घेणेबाबत

झाकण पूर्वी होतं, एवढ्या एका गोष्टीवर सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या बोळाचं एकमत आहे. ते कधी गेलं आणि कसं गेलं, यावर मात्र तीन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते ते दोन पावसाळ्यांपूर्वी गंजून पडलं. दुसऱ्याच्या मते एका वरातीत कुणीतरी त्याच्यावर ताल धरला आणि ते निखळलं. तिसरा पक्ष म्हणजे एकटे बापूसाहेब. त्यांच्या मते ते बसवलं त्या दिवसापासूनच जायच्या तयारीत होतं. ते काही असो. बोळाच्या मध्यावर, भिंतीला लागून, छातीच्या उंचीवर विजेची डीपी होती आणि तिला झाकण नव्हतं. आतले फ्यूज, तारा, तांब्याच्या पट्ट्या, सगळा संसार उघड्यावर पडला होता.

डोळस माणसांना याचा फारसा त्रास नव्हता. डीपी आली की माणूस अंग चोरून पलीकडून जायचा. पोरांना आया दटावून ठेवायच्या. बोळातल्या कुत्र्यांनीसुद्धा आपली नेहमीची कामं त्या कोपऱ्यातून हलवली होती. प्रश्न होता तो नीलम्माचा.

नीलम्मा सत्तरीची. बोळाच्या आतल्या टोकाला तिची खोली, बाहेरच्या टोकाला खानावळ. चाळीस वर्षं ती ज्वारीच्या कडक भाकरी करून खानावळीत पोचवत आली होती. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, दुसरा भिंतीला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तो भिंतीवरचा हात हेच तिचे डोळे झाले होते. हाताला सदा पीठ, त्यामुळं बोळाच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरट रेघ उमटली होती. ती रेघ फक्त डीपीपाशी तुटायची आणि पलीकडं पुन्हा सुरू व्हायची. कारण नीलम्मा तिथवर आली की दारात, खिडकीत, नळावर जो कुणी असेल तो ओरडायचा, "नीलम्मा, हात!" नीलम्मा हात उचलायची, चार पावलं तशीच टाकायची आणि पुन्हा भिंत धरायची. सकाळी अकराला जाताना एकदा, साडेअकराला परतताना एकदा. बोळाची ही सेवा दोन वर्षं अखंड चालू होती. पलीकडच्या बाजूनं जा म्हणावं तर तिकडं उघडी गटार. "गटारीत पडन्यापरीस हात उचलनं बरं की," असं नीलम्माचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती.

ऑपरेशन करून घ्यावं, तर तेही अडलं होतं. फुकट उपचाराच्या कार्डासाठी मशीनवर अंगठा लागतो. चाळीस वर्षं भाकरी थापून आणि तव्यावर भाजून नीलम्माचा अंगठा असा गुळगुळीत झाला होता की मशीन म्हणे, इथं अंगठाच नाही. मग डोळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. मशीन म्हणे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आधी ऑपरेशन करून या. त्या दिवशी कार्डाच्या रांगेत नीलम्मा एवढी हसली, की मशीनवरची मुलगीच रडकुंडीला आली.

आता शिवशरण हिरेमठ. बोळ त्यांना अप्पा म्हणतो. एका हायस्कुलात चौतीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले होते, आणि अर्ज लिहिण्यात आपला हात धरणारा माणूस सोलापुरात नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. एके दिवशी अकरा वाजता अप्पा कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. अग्रलेखात शुद्धलेखनाची चूक सापडली होती आणि अशा वेळी अप्पांना जगाचं भान राहत नसे. बोळात दुसरं कुणी नव्हतं. नीलम्मा आली. हात भिंतीवरून सरकत डीपीजवळ गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अप्पांच्या पत्नी जगदेवीअक्कांनी पाहिलं आणि हातातली उलथनी तशीच धरून त्या किंचाळल्या, "नीलम्माऽ, हात!"

हात उचलला गेला. पण मग अक्का उलथनीसकट बाहेर आल्या.

"तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"अगं, अग्रलेखात—"

"आग लागो त्या अग्रलेखाला! चौतीस वर्षं जगाचे अर्ज लिहिलात. एक झाकणाचा लिहा की!"

अप्पांना दोन गोष्टी एकदम लागल्या. एक म्हणजे आपल्यामुळं आज म्हातारी गेली असती. ही खरी बोच होती आणि ती त्यांना पुढं कितीतरी दिवस जेवताना घशाशी यायची. दुसरी म्हणजे हा अर्ज आपल्याला आधी कसा सुचला नाही. त्याच दुपारी त्यांनी बैठक मारली.

अर्ज चार पानी झाला. पहिल्या पानावर बोळाचा संक्षिप्त इतिहास, दुसऱ्यावर विजेचे मानवजातीवरील उपकार, तिसऱ्यावर झाकण या वस्तूचं महत्त्व, आणि चौथ्या पानाच्या शेवटी, 'तरी' या शब्दानंतर, झाकणाची मागणी. अर्ज घेऊन अप्पा वीज ऑफिसात गेले. तिथं सयाजी नावाचा क्लार्क होता. त्यानं अर्ज हातात घेऊन नुसता तोलला.

"अप्पा, अक्षर लई देखणं हाय तुमचं. पन हे आता चालत न्हाय. मोबाइलवर तक्रार टाका. दोनशे अक्षरांत."

"दोनशे? अहो, माझा विषयच दोनशे अक्षरांचा आहे."

"मग विषय काडून टाका की."

शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या संगमेशनं अप्पांच्या वतीनं मोबाइलवर तक्रार टाकली. 'डीपीला झाकण नाही.' एवढंच. चार पानांचा अर्क तीन शब्दांत निघालेला पाहून अप्पांना कुणीतरी भर चौकात आपली टोपी उडवल्यासारखं झालं. पण तक्रारीला नंबर मिळाला, आणि नंबर मिळाला की क्लार्क माणसाचा जीव थंड होतो.

पुढं महिना गेला. नंबर तेवढा अप्पांना पाठ झाला. मार्च संपत आला, दुपारी बोळाच्या फरशीवर पाय ठेववेना. आता एखादा वळीव कोसळला की भिंत भिजणार, आणि भिजल्या भिंतीवर मग हात उचलूनही भागणार नाही, ही काळजी अप्पांना लागली होती.

अशा वेळी शेजारी मदतीला येतात, तसे ते आले. संगमेश म्हणाला, वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आहे, तो पडद्यासारखा बांधू. बांधला. दुसऱ्याच दिवशी शुभेच्छुकांच्या रांगेतला तिसरा शुभेच्छुक येऊन भांडला, की माझ्या तोंडातून तार बाहेर आलीय. फ्लेक्स उतरला. मग कुणीतरी सुचवलं, सिद्धेश्वराची तसबीर लावा, तिच्याजवळ कुणी जाणार नाही. हे अप्पांनाही पटलं होतं, पण जगदेवीअक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यो शिवने! देव लावला तर नीलम्मा हात लावून पाया पडंल की!" तो ठराव तिथंच बारगळला.

आणि मग बापूसाहेब बोलले. बापूसाहेबांची सगळी हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर मुकादमी करण्यात गेली होती, आणि आता ते घरातूनच दुय्यम मालाच्या चादरी आणि टॉवेल विकत. माणसाचा कोणताही प्रश्न चादरीनं सुटतो, असा त्यांचा अनुभव होता.

"अप्पा, तुमी उलट्या बाजूनं शिरलाय. तक्रार केली की साहेब कागद बघतो. सत्कार केला की साहेब माणूस बघतो. त्या इंजिनिअरचा सत्कार करा."

"पण त्यानं काही केलेलं नाही."

"म्हणून तर! केल्यावर कुणीबी करंल. आदी करा. अंगावर चादर पडली की मानूस लाजंनं काम करतो. आमच्या कारखान्यात बॉयलर इन्स्पेक्टर यायच्या आदी चादर तयार असायची."

सोलापूरकराला हे सांगून पटवावं लागत नाही. इथं माणूस दहावी पास झाला की चादर, नोकरीला लागला की चादर, सुटला की चादर. लोकांच्या कपाटांत स्वतःच्या कर्तृत्वाच्या इतक्या घड्या असतात की पांघरायला वेगळी घ्यावी लागत नाही. अप्पांना निवृत्तीच्या दिवशी सहा मिळाल्या होत्या. शिवाय बापूसाहेबांनी जाता जाता असा एक खडा टाकला, की अप्पा पाघळलेच.

"मानपत्र मात्र तुमीच लिवायचं. दुसऱ्याला जमनार न्हाय."

तीन दिवस अप्पा घरात नव्हतेच म्हणा. बसलेले असत, पण नसत. चौथ्या दिवशी त्यांनी जगदेवीअक्कांना मानपत्र वाचून दाखवलं. 'हे कर्तव्यदक्ष अभियंत्या, आमच्या बोळातील डीपीस आपण झाकण बसविले आणि जणू या बोळाच्या मस्तकीच छत्र धरिले...' इथं स्वतः अप्पांनीच मान डोलावली.

"पण झाकण कुठं बसलंय?" अक्कांनी विचारलं.

"बसेल. 'बसवणार' लिहिलं तर तो सत्कार होत नाही, तगादा होतो. बापूसाहेबांचा तसा सल्ला आहे."

"बापूसाहेबांचा सल्ला ऐकून बापूसाहेबांनी तरी कधी काही केलंय का?" असं म्हणून अक्का भाजी निवडायला लागल्या. पुढं जे झालं, त्यानंतर हे वाक्य त्यांनी अप्पांना किती वेळा ऐकवलं याची गणती नाही.

सत्कार झाला. इंजिनिअरचं नाव आशिष, गाव जेऊर, पहिलीच नेमणूक. ओठावर मिशीपेक्षा संकोचच जास्त. बिचारा दोनदा म्हणाला, "काका, मी अजून काहीच केलेलं नाही हो." पण तोवर संगमेशनं माइक सुरू केला होता, आणि माइकच्या त्या शिट्टीपुढं सत्य कोण ऐकतो? डीपीशेजारच्या भिंतीवर बॅनर लागला, 'डीपीचे झाकण बसविल्याबद्दल जाहीर सत्कार'. आशिषच्या अंगावर चादर पडली. तिच्यावरचा मोर मागानं चुकून उताणा विणला होता, पण खांद्यावर घेतल्यावर ते कळत नव्हतं. अप्पांनी मानपत्र वाचलं. शेवटच्या ओळीला फोटो, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि मग टाळ्या. आशिषचे डोळे भरून आले. "माझ्या आईला हे फार आवडेल," एवढंच तो बोलला, आणि "झाकण मी मागवतोच," असंही म्हणाला. त्या रात्री अप्पांना फार दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला. 'आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे. सेवेबद्दल समाधानी असल्यास पाच तारे द्या.'

अप्पा चप्पल शोधायलाही थांबले नाहीत. जगदेवीअक्कांच्या चपला घालून ते वीज ऑफिसात पोचले, हे त्यांना तिथं सयाजीनं सांगितल्यावर कळलं. सयाजीनं फाइल काढून पुढं ठेवली. वर सत्काराचा फोटो, खाली मानपत्राची झेरॉक्स.

"तक्रार बंद करायला पुरावा लागतो की, अप्पा. लोक नुसतं 'झालं' म्हणतात. तुमी तर मानपत्र दिलंय. एवढा चांगला पुरावा या ऑफिसात मी वीस वर्षांत बघितला न्हाय."

"अहो, पण झाकण नाही!"

"सही तुमचीच हाय की."

सही अप्पांचीच होती, आणि खाली दोन रेघा मारून झोकात केलेली होती. आशिष बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, मी झाकण मागवायला बसलो होतो. पण तक्रारच बंद झाली, तर मागू कशाच्या आधारावर? आणि मानपत्र आईनं जेऊरला फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. शेजारी बघायला येतात." अप्पांना त्याच्यावर रागवावंसं वाटत होतं, पण ते काही जमेना.

वाट सयाजीनंच काढली. त्याच्या मनात पाप नव्हतं. नियमांच्या गल्लीबोळांतून वीस वर्षं हिंडून त्याला आडवाटा ठाऊक झाल्या होत्या, इतकंच. "बसवलेलं झाकण चोरीला गेलं म्हना. पोलीस चौकीत नोंद करा, कागद आना. चोरीच्या मालाला दुसरं झाकण मिळतं. लगेच."

म्हणजे जे बसलंच नव्हतं, ते चोरीला गेलं म्हणायचं. अप्पा रात्रभर कूस बदलत राहिले. आयुष्यात त्यांनी खोटा रजेचा अर्जसुद्धा केला नव्हता. पण सकाळी अकरा वाजता नीलम्मा आली, नळावरच्या बाईनं "हात!" म्हणून हाक दिली, आणि अप्पा उठून चौकीत गेले.

चौकीत जोतिराम हवालदार होते. त्यांनी वही उघडली. "झाकनाचं वर्नन सांगा."

खरं तर 'पत्र्याचं झाकण' म्हणून सुटता आलं असतं. पण वर्णन हा शब्द ऐकला की अप्पांच्या हातात आपोआप लेखणी येते. "मीच लिहून देतो," ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं. उंची, रुंदी, राखाडी रंग, उजव्या बाजूस दोन बिजागऱ्या, खालच्या कोपऱ्यात किंचित पोचा, मध्यभागी गोल कडी. त्यांच्या डोळ्यांपुढं झाकण साक्षात उभं राहिलं. ते चौकीतून बाहेर पडले तेव्हा त्यांना त्या झाकणाची आठवणसुद्धा यायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी चौकीतून बोलावणं आलं. जोतिराम हवालदार खुशीत होते. "अप्पा, मुद्देमाल घावला!"

बाकावर भंगारवाला दस्तगीर बसला होता. मांडीवर एक पत्र्याचं दार. राखाडी रंग, दोन बिजागऱ्या, खालच्या कोपऱ्यात पोचा, मध्ये कडी. कुणाच्यातरी जुन्या कपाटाचं. दस्तगीर पंधरा वर्षं अप्पांची रद्दी नेत होता. अप्पांनी एकदा रद्दीत चुकून दिलेली पेन्शनची कागदपत्रं दोन मैल सायकल मारून परत आणून देणारा माणूस तो.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "मैं तुमारे डिब्बेकू हात बी नै लगाया. सुबेसे बैठाए. घरमें बोल्या बी नै मैं."

अप्पांनी एकदा त्या दाराकडं पाहिलं, एकदा वहीतल्या आपल्या सुंदर वर्णनाकडं.

"साहेब, याला सोडा. झाकण चोरीला गेलेलं नाही."

"मग?"

"ते नव्हतंच."

जोतिरामांनी वही पुन्हा एकदा, ओळीवर बोट ठेवून वाचली. "मग हे पोचा, कडी, बिजागऱ्या?"

"ते मी लिहिलं."

हवालदारांनी वही मिटली. मग म्हणाले, "लई ग्वाड लिवता हो तुमी. मला तर पोचा दिसला." त्यांनी दस्तगीरला चहा पाजून सोडलं आणि अप्पांना, वयाकडं बघून, नुसता नमस्कार केला. तो नमस्कार अप्पांना छडीसारखा लागला. शाळेत पोरांना छडी मारणाऱ्या मास्तरांच्या शेजारच्या खोलीत चौतीस वर्षं बसूनही छडी म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

बाहेर दस्तगीर सायकलला दार बांधत होता. "माफ कर रे बाबा," अप्पा म्हणाले. दस्तगीर हसला. "जाने दो चाचा. लेकिन अब रद्दी देते वख्त मेरे बारेमें कुछ लिखो नक्को."

घरी आल्यावर अप्पा जेवले नाहीत. सत्काराचा फोटो काढून बसले. सगळं या फोटोनं केलं, म्हणून त्याच्याकडं रागानं बघत बसले. मध्ये आशिष, उताणा मोर, शेजारी माइक धरलेले आपण, कॅमेऱ्याकडं बघून हसणारा सगळा बोळ. आणि मग त्यांची नजर डाव्या कोपऱ्यात गेली. त्यांनी चष्मा पुसला. खिडकीजवळ जाऊन पुन्हा बघितलं.

डाव्या कोपऱ्यात उघडी डीपी होती. आणि तिच्या कडेपाशी, वीतभरही नाही, चार बोटं अंतरावर, एक हात होता. नुसता मनगटापर्यंत. पिठानं माखलेला.

अप्पा तसेच उठून नीलम्माच्या खोलीत गेले. ती तव्यासमोर होती. अप्पांना ती धाकट्या भावासारखं 'तम्मा' म्हणायची.

"नीलम्मा, सत्काराच्या दिवशी तू आली होतीस?"

"आले हुते की, तम्मा. साहेबाला भाकरी द्यावी म्हनून गठुडं काखंत मारून निघाले. लई गलका हुता. हाक काय ऐकूच आली न्हाय. मी म्हनलं डीपी अजून लांब आसंल."

"मग हात कसा काय उचललास?"

"टाळ्या वाजल्या की! तुजं मानपत्र झालं, समद्यांनी वाजवल्या, मीबी वाजवत फुडं गेले." आणि तव्यावरची भाकरी परतत ती म्हणाली, "लई चांगलं झालं म्हनं तुजं मानपत्र."

अप्पा उंबऱ्यावर बसले. त्यांना रडू आलं आणि ते रडले. नीलम्माला दिसत नव्हतं, तेवढ्यापुरतं ते बरंच होतं. मानपत्र अर्ध्या मिनिटानं लांबलं असतं तर? आणि अप्पांना ते आणखी लांबवायचं होतं. एक संपूर्ण परिच्छेद त्यांनी आयत्या वेळी, मोठ्या जड मनानं, गाळला होता.

त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत लहान.

'विषय : मानपत्र परत घेणेबाबत. महोदय, आमच्या बोळातील डीपीस झाकण बसविले, असे मी मानपत्रात लिहिले. ते खोटे आहे. श्री. आशिष यांनी तसे मला लिहिण्यास सांगितले नव्हते. झाकण नाही. सोबतच्या छायाचित्राचा डावा कोपरा पाहावा. तो हात नीलम्माचा आहे. तिला दिसत नाही.'

खाली सही. दोन रेघा मारल्या नाहीत.

सयाजीनं अर्ज वाचला आणि या वेळी तो तोलला नाही. "अप्पा, मानपत्र परत घ्यायचा नमुनाच न्हाय आमच्याकडं. कुटल्या फायलीत लावू?" कुठल्याच फाइलीत बसेना म्हणून अर्ज वर गेला, तिथंही बसेना म्हणून आणखी वर गेला. सरकारी कागदाची गंमत अशी, की ज्याला जागा असते तो जागेवर पडून राहतो, आणि ज्याला जागा नसते तो कुणालातरी वाचावाच लागतो. कुणीतरी मोठ्या साहेबांनी तो वाचला. भिंग मागवून डावा कोपरा पाहिला, असं सयाजी सांगतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला म्हणे, "ही बाई आता कुठं आहे?"

आठव्या दिवशी झाकण आलं. कुठल्यातरी दुसऱ्या पेटीसाठी केलेलं, पेटी राखाडी आणि झाकण हिरवंगार. बसवायला आशिष स्वतः उभा होता. काम झाल्यावर त्यानं पिशवीतून एक फ्रेम काढली आणि अप्पांपुढं धरली.

"आईनं उतरवून दिली, काका. म्हणाली, आधी काम कर, मग भिंतीवर लाव."

अप्पांनी मानपत्र फ्रेममधून बाहेर काढलं. बापूसाहेब पुढं सरसावले, "नवीन लिहा की! चादर हाय माझ्याकडं, मोर सरळ हाय," पण जगदेवीअक्कांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि ते मागं सरले. अप्पांनी पेन काढलं, जुनी तारीख खोडली आणि त्या जागी आजची तारीख घातली. पुढं लिहिलं, 'आजपासून खरे.' आणि दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सगळा बोळ दारांत उभा होता. नीलम्मा पाटी घेऊन निघाली. हात भिंतीवरून सरकत आला. डीपी जवळ आली. सवयीनं चार-पाच तोंडं उघडली आणि मिटली. कुणीच हाक मारली नाही. पिठाचा हात भिंतीवरून झाकणावर गेला, हिरव्या पत्र्यावर पाच बोटं उमटली, आणि दोन वर्षं तुटलेली रेघ सांधली गेली.

नीलम्मा तिथंच थांबली. पत्रा चाचपला.

"झाकन व्हय?"

"व्हय नीलम्मा, बसलं!" अप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, आता म्हातारी दोन शब्द बोलेल. ती बोललीही.

"मग हाक का मारली न्हाय कुनी?"

"आता गरज नाही की."

"गरज!" नीलम्मा म्हणाली. "दोन वर्सं रोज आवाज ऐकत जात हुते. जगदेवी हाय, बापूसाहेब हाय, तम्मा कट्ट्यावर हाय. आज वाटलं, बोळच रिकामा झाला. झाकन बसवलं म्हनून मानसानं बोलायचं बंद करायचं आसतं व्हय?" आणि ती पाटी सावरत पुढं गेली. 

कार्डाचं काम अजून अडलेलंच आहे. अप्पा त्याच्या मागं लागले आहेत, अर्ज चार ओळींचे करतात, आणि त्या ऑफिसात बापूसाहेबांना बरोबर नेत नाहीत. वळीव दोनदा येऊन गेला. भिंत भिजली, रेघ धुऊन गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटली.

रोज अकराला मात्र अप्पा पेपर बाजूला ठेवतात. अग्रलेखात चूक असली तरी ठेवतात. नीलम्मा डीपीजवळ आली की गळा साफ करून ओरडतात, "नीलम्मा, हात!"

नीलम्मा हात उचलत नाही. भाकरी थापावी तशी त्या हिरव्या झाकणावर दोनदा थाप मारते आणि म्हणते, "हाय की!"